चार तोळ्यांच्या पाटल्या

रामनगरात कुणाच्या घरी लग्न ठरलं की पहिला निरोप भटजींना जायचा आणि दुसरा गुणाक्काला. खरं सांगायचं तर पुष्कळदा पहिलाच गुणाक्काला. भटजी काय, हे नाहीत तर ते मिळतात. सोनं पारखणारी बाई मात्र खानापूरपासून जोयड्यापर्यंत एकच, असं लोक म्हणायचे, आणि गुणाक्कानं ते बोलणं कधी खोडून काढलं नाही. का काढेल? कानाला गोड लागतं ते कोण खोडतं?

ती काही सोनाराघरची नव्हे. तिचा बाप वासू खानापुरात एका शेटच्या दुकानात भट्टी फुंकायला लागला आणि फुंकता फुंकता, हात बसून, कारागीर झाला. गुणा लहानपणी त्या दुकानाच्या पायरीवर बसून असायची. तार कशी ओढतात, डाक लावून सांधे कसे जोडतात, चोख सोनं किती मऊ असतं आणि त्यात हीण का घालावं लागतं, हे सगळं तिनं बघून बघून उचललं. बाप गेल्यावर त्याच्या पेटीतला कसाचा काळा दगड तिनं मागून आणला. वारसा म्हणाल तर तेवढाच. पण त्या दगडावर बाईनं पस्तीस वर्षं राज्य केलं.

तिची रीत ठरलेली. कुठलाही जिन्नस पुढे आला की आधी तळहातावर तोलायचा, मग दगडावर अलगद ओढायचा. काळ्या दगडावर सोन्याची बारीक रेघ उठायची. मग आपल्या उजव्या हातातली पाटली उतरवून तिची रेघ शेजारी ओढायची. दोन्ही रेघांचा रंग जुळला की "बावीस हाय, घ्या," आणि नाही जुळला की "ठेवा परत." बेळगावच्या दुकानात हॉलमार्कचा शिक्का दाखवला तर म्हणायची, "बिल्ला तर सरकारनं माझ्या म्हशीच्या कानात पण मारलाय. म्हणून ती दूध जास्त देती व्हय?" आणि त्यातूनही कुणी फाटे फोडले तर हात पुढे करून पाटल्या वाजवून दाखवायची. "हातच्या काकणाला आरसा कशाला? हे बघा बावीस. ह्याच्यावाणी दिसलं पायजे."

त्या पाटल्यांची गोष्ट तिनं सगळ्या गावाला सांगितलेली. तिचं लग्न ठरलं तेव्हा सासूनं अट घातली होती, चार तोळ्यांच्या पाटल्या, बावीसच्या, त्याहून रतीभर कमी नको. बापानं स्वतः बसून घडवल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं त्या तिच्या हातात घातल्या आणि म्हणाला, "बावीसच्या हाईत पोरी. कुणी विचारलं तर मान वर करून सांग." आणि वर एक सांगितलं: "दगडावर कवा घासू नको. झिजत्यात." गुणाक्काला वाटायचं, बापाची माया. पाटल्या झिजू नयेत म्हणून जीव तुटत होता त्याचा. ती बापाचं सगळं ऐकायची, एवढं सोडून.

तिला एक किस्सा फार आवडायचा. जगलबेटच्या लक्ष्मीचा. कुठल्याशा बारशाला लक्ष्मी आईच्या जुन्या कुड्या घालून आली होती, लालसर रंगाच्या. गुणाक्कानं त्या सगळ्यांदेखत मागून घेतल्या, दगडावर ओढल्या आणि म्हणाली, "तांब्याच्या हाईत ग. लोकांत कशाला मिरवालीस?" लक्ष्मीनं तिथल्या तिथं कमरेच्या पिशवीत टाकल्या. पुढे प्रत्येक लग्नात गुणाक्का हा किस्सा सांगायची आणि बायका पदराआड हसायच्या. शेवटी तीच वर पुस्ती जोडायची, "कान हलकं झालं बघा बाईचं!"

तर यंदा शिवरात्रीच्या आधी तिच्या शेजारच्या सुमनच्या पोरीचं, रक्षिताचं लग्न ठरलं. मुलगा गुंदचा, विनायक. भातशेती, चार सुपारीची झाडं, आणि आई काशी. काशीचा नवरा पोरगा लहान असतानाच गेलेला. तिनं जंगलखात्याच्या कामाला जाऊन, दुसऱ्याच्या वाफ्यात वाकून पोराला मोठं केलं. बाई कमी बोलणारी. विचारलं तेवढंच सांगायची.

साखरपुडा सुमनच्या दारात होता. आमच्याकडे रीत आहे, साखरपुड्याला आणि मग लग्नाच्या सकाळी दोन्हीकडचे दागिने तांदळाच्या ताटात मांडतात आणि बायका गोल बसून बघतात. ताटाशी अर्थात गुणाक्का. काशीनं कमरेची पुरचुंडी सोडली आणि त्यातून पुतळ्यांची माळ काढून तांदळावर ठेवली. सोळा पुतळ्या, जुन्या घडणीच्या, तिच्या सासूच्या. घरातलं एकच सोनं. ती सुनेच्या गळ्यात घालायची म्हणून तिनं वीस वर्षं स्वतःच्या गळ्यात घातली नव्हती.

माळेचा रंग लालसर होता. गुणाक्कानं रेघ ओढली, पाटलीची रेघ शेजारी ओढली, आणि डोकं हलवलं.

"ह्यात तांबंच लई हाय ग काशी," ती म्हणाली. हळू बोलायची तिला सवय नव्हती. "घालायची तर घाला. पण माझ्या तोंडातनं ह्याला बावीस निघायचं न्हाई."

काशीनं माळेकडे बघितलं, मग दगडावरच्या दोन रेघांकडे. रंग वेगळे होते ते आंधळ्यालाही दिसलं असतं. ती एवढंच म्हणाली, "सासूबाईंनी सोन्याची म्हणून दिल्ती."

तेवढ्यात सोप्यावरून काशीचा दीर परशू बोलला. परशूला असल्या जागी बोलल्याशिवाय अन्न पचत नाही. "मागं ही माळ गाठवायला कोण घेऊन गेलं व्हतं खानापूरला? झिलूच न्हवं?"

झिलू म्हणजे काशीचा थोरला भाऊ. कॅसलरॉकला रेल्वेत गँगमन होता, आता निवृत्त. वीस वर्षांमागे, बहिणीचा नवरा गेल्यावर, माळेचा दोरा तुटला म्हणून त्यानंच ती गाठवून आणली होती. झिलू पंगतीला बसायला म्हणून हात धुवत होता. त्यानं तांब्या खाली ठेवला, सगळ्यांकडे एकदा बघितलं, आणि खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसत दारातून बाहेर पडला. स्टँडपर्यंत चालत गेला. त्याला कुणी हाक मारली नाही. खुद्द बहिणीनंसुद्धा नाही. आणि गुणाक्का? गुणाक्कानं दगड पुसला, चंचीत घातला, आणि शिऱ्यात साखर बेताची पडलीय म्हणाली.

आता हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही. असंच झालं.

आठवड्यानं काशी रामनगरला आली. पहाटे गुंदहून निघून, जोयड्यात बस बदलून, उन्हाची गुणाक्काच्या दारात उभी. पुरचुंडी काढून तिनं उंबऱ्यावर ठेवली.

"अक्का, तुमी बेळगावला रक्षिताचं मंगळसूत्र आणायला जाणार न्हवं? ही घेऊन जावा. मोडून जे काय येईल त्यातनं एक ग्रॅमवालं कायतरी आणा. सुनेचा गळा मोकळा नको."

"एक ग्रॅम म्हंजे वर्ख ग नुसता. वर्षात काळा पडतोय."

"पडू दे. ह्याच्यापेक्षा काय वाईट?" काशीनं पुरचुंडी पुढे सरकवली. "झिलूअण्णा लग्नाला येणार न्हाई म्हणालाय. विनायक बोलला त्याला. मामा, खरं सांग म्हणाला. पोराच्या पाठीशी मामा न्हाई तर कोण उभं ऱ्हाणार, ते काय कळंना झालंय."

गुणाक्कानं तिला चहा दिला आणि शहाणपणही दिलं. "भाऊ असला म्हणून काय झालं? सोनं बघून भल्याभल्यांची मती फिरती." काशीनं चहा बशीत ओतला आणि प्याली. ज्या बाईनं आपल्या घराला आग लावली तिच्याच हातात तिनं ती माळ विश्वासानं ठेवली, कारण गुणाक्का खोटं बोलत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बेळगावच्या दुकानात एसी होता, आरसे होते, आणि काउंटरवर रूपाली नावाची पोरगी होती, विशीतली, ओळखपत्र गळ्यात. गुणाक्कानं आधी रक्षिताचं मंगळसूत्र निवडलं. मग पुरचुंडी सोडून माळ काचेवर टाकली.

"मोडायची हाय. तांबंच हाय, पण बघ काय येतंय ते."

रूपालीनं एक पुतळी मशीनच्या पेटीत ठेवली, झाकण लावलं, थोडा वेळ पडद्याकडे बघितलं. मग दुसरी ठेवली. मग तिसरी.

"आजी, कोण म्हणालं तांबं? एक्याण्णवच्या वर टंच निघालाय. म्हणजे बावीसच की. तिन्ही पुतळ्या सारख्याच."

गुणाक्का हसली. अगदी मोकळेपणी हसली. तिला वाटलं, पोरगी नवी आहे. "बाई, तुझ्या मशीनला डोळं न्हाईत. रंग बघ की हिचा."

"रंगाचं काय, आजी? चोवीस म्हणजे चोख, ते नुसतं वापरलं तर वाकतं. म्हणून बावीसमध्ये दोन भाग दुसरं काहीतरी घालतात. ते दोन भाग नुसतं तांबं असलं की सोनं लाल दिसतं. थोडी चांदी घातली की पिवळं होतं. सोनं दोन्हीत तेवढंच. पूर्वी इकडे तांबंच घालायचे."

"मला शिकवालीस व्हय?" गुणाक्काचा आवाज चढला. दुकानातल्या दोघी-तिघी वळून बघायला लागल्या. आता काय करावं तिनं? हातात हुकमाचं पान होतं. तिनं उजव्या हातातली पाटली उतरवली. "ही टाक. ही बावीस हाय, माझ्या बापानं घडवलेली. हिला तुझं मशीन काय सांगतंय बघू. मग कळंल मशीन खरं का खोटं."

रूपालीनं पाटली ठेवली. पडद्याकडे बघितलं. मग पाटली उलटी करून परत ठेवली. गुणाक्का काउंटरवर कोपर टेकून विजयी मुद्रेनं उभी होती.

"आजी," पोरगी हळू आवाजात म्हणाली, "पंचाहत्तर येतंय. चांदी पंधरा, तांबं दहा. हे अठरा कॅरेट आहे."

"परत बघ."

"दोनदा बघितलं."

"दुसरी बघ." गुणाक्कानं डाव्या हातातली काढून दिली. तीही पंचाहत्तर.

पोरगी चांगली होती, ती समजूत घालायला लागली. अठरा म्हणजे खोटं नव्हे, आजी. हिऱ्याचे दागिने अठरातच करतात, घट्ट असतं म्हणून. आता लोक चौदाचंसुद्धा घेतात. त्यावर सातशे पन्नास असा शिक्का असतो, बावीसवर नऊशे सोळा. आणि दगडावर नुसता रंग कळतो; सोनार त्यावर तेजाब टाकून बघायचे, आणि शेजारी ओढायला कस माहीत असलेल्या सळ्या ठेवायचे. तुम्ही शेजारी काय ओढत होता?

तेजाबाची बाटली बापाच्या पेटीत होती. हात भाजतील म्हणून बाप तिला शिवू द्यायचा नाही, आणि पुढे त्या बाटलीशिवायच आपण सगळं शिकलो असं तिला वाटलं होतं. तिनं माळ गोळा केली, पाटल्या हातात चढवल्या. त्या चढवताना मान वर होत नव्हती. दुकानातल्या कुणाचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं, तरी तिला वाटलं की आरशा-आरशातून सगळे तिच्याकडेच बघतायत.

परतीच्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. अठरा म्हणजे चोवीसातले अठरा. म्हणजे चारातले तीन. चार तोळ्यांत तीन तोळे सोनं. तिला आईची वेढणी आठवली. चोख सोन्याची, एकेका तोळ्याची, तीन. आई सणाला बोटांत घालायची. गुणाच्या लग्नानंतर ती कुणी कधी बघितली नाहीत. गुणानं विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, हरवली. घरात सोनं होतं ते एवढंच, तीन तोळे. सासूला हवे होते चार.

बापानं तीनाचे चार केले होते. रंग उठून दिसावा म्हणून चांदी-तांब्याचा मेळ कितीदा जमवला असेल, भट्टीपुढे एकटाच बसून! आणि मग पोरीला म्हणाला, मान वर करून सांग. दगडावर घासू नको.

गुणाक्काला बापाचा राग आला नाही. तेच तर अवघड झालं. राग आला असता तर बरं होतं, कुणाच्या तरी डोक्यावर खापर फुटलं असतं. तिला वाटलं, त्या वेळी माझ्या मांडवात माझ्यासारखी एखादी बाई दगड घेऊन बसली असती, आणि चारचौघांत म्हणाली असती, "वासू, हे बावीस न्हवं," तर बाप काय करता? झिलूसारखाच उठून गेला असता. हात पुसत.

आणि तेवढ्यावर थांबतं होय! तिच्या दगडावर पस्तीस वर्षं जे जुळलं ते अठराशी जुळलं होतं. म्हणजे किती जणांनी अठराला बावीसचे पैसे मोजले असतील, तिच्या एका शब्दावर? आणि जे जुळलं नाही, जे लाल म्हणून, फिकं म्हणून तिनं परत पाठवलं, ते काय होतं? तिनं डोळे मिटून घेतले. कंडक्टर तिकीट बघायला आला तर तिला ते कुठं ठेवलं आठवेना.

आता कुणालाही वाटेल, बाई दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गुंदला गेली असेल. नाही गेली. खोटं कशाला सांगू? पाच दिवस घरात बसून राहिली. सुमन मंगळसूत्र बघायला आली तेव्हा तिला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. चंची तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली. मनात नाही नाही त्या वाटा काढल्या. दुकानात माळ उजळली म्हणून सांगावं. सगळा दोष मशीनच्या डोक्यावर घालावा. काशीला माळ गुपचूप परत द्यावी, बास झालं. सोनं तर मिळालं ना तिला?

चौथ्या दिवशी काशीचा फोन आला. दोनदा वाजू दिला, तिसऱ्यांदा उचलला.

"अक्का, काय आलं मोडून?"

"मोडली न्हाई. बरी निघाली. लग्नात आणून देते, सुनेला घाल."

"बरी म्हंजे?"

"बरी म्हंजे... बरी."

पलीकडून काशी म्हणाली, "मग झिलूअण्णाला काय सांगू?"

गुणाक्कानं फोन बंद केला. रेंज गेली असं काशीला वाटावं, म्हणून पुढे दिवसभर तो चालू केला नाही. त्रेसष्ट वर्षांची बाई, गावानं जिच्या शब्दावर सोनं घेतलं, ती एका विधवा बाईच्या फोनला भिऊन चुलीपुढे बसली होती. आपलंच नाणं खोटं, आणि वाजवून दाखवायची हिंमत नाही.

लग्नाला दोन दिवस उरले तेव्हा ती जीपनं कॅसलरॉकला गेली. झिलू अंगणात विळ्याला धार लावत होता. त्यानं तिला ओळखलं, पाट दिला, पाणी दिलं. तिनं पाणी प्यायलं नाही. सगळं सांगितलं, मशीन, माळ, पाटल्या, बापाची तीन वेढणी. सांगताना ती अंगणातल्या मुंग्यांच्या रांगेकडे बघत होती.

झिलू विळा घासत राहिला. संपल्यावर म्हणाला, "गुणाबाई, मी काय केलं आणि काय न्हाई केलं, ते मला ठाऊकच हाय. त्यासाठी एवढ्या लांब कशाला आला?"

"मग कुणाला सांगू?"

"जिथं बोलला तिथं."

"लग्नाला येणार न्हवं तुमी?"

"त्ये मी बघतो," तो म्हणाला, आणि धार बोटानं तपासली.

लग्न रामनगरच्या हॉलमध्ये होतं. सकाळी बायका सतरंजीवर गोल बसल्या, तांदळाचं ताट आलं. नवरीकडचे दागिने मांडले गेले. मग सगळ्यांनी काशीकडे बघितलं, आणि काशीनं गुणाक्काकडे. परशू खुर्ची ओढून तिथंच बसला होता, मजा बघायला.

गुणाक्कानं चंची उघडली. माळ ताटात ठेवली. दगड काढला, माळेतल्या पुतळीची एक रेघ ओढली. मग दोन्ही पाटल्या उतरवल्या आणि त्यांतल्या एकीची रेघ शेजारी ओढली.

"ही बावीस," ती म्हणाली. तिनं माळेच्या रेघेवर बोट ठेवलं. "काशीची माळ बावीसची हाय. बेळगावला मशीनवर बघितली. आणि ही माझी पाटली अठराची हाय. माझ्या बापाकडं तीनच तोळं व्हतं, त्यानं चार केलं. मी हिलाच बावीस धरून तुमचं सगळ्यांचं बघत आले. झिलूनं काय केलं न्हाई. चूक माझी. मी लबाड न्हवं, पण चूक माझीच." तिनं दगड खाली ठेवला. "आणि बेळगावास्नं आल्यावर पाच दिवस गप्प बसले, त्यात मी लबाडच."

सुमननं आपल्या गळ्यातल्या चपलाहाराला नकळत हात लावला. तो गुणाक्कानंच निवडून दिला होता. मग दुसऱ्या एकीनं कानाला हात लावला. मग तिसरीनं. गुणाक्काला ते दिसलं. धरणीनं पोटात घ्यावं असं माणसं म्हणतात. तिला पहिल्यांदा कळलं ते का म्हणतात.

परशू खुर्ची मागं सारून उठला आणि पाण्याकडे गेला. दारात झिलू उभा होता, धुतलेला पांढरा सदरा घालून. कधी आला कुणास ठाऊक, पण त्यानं ऐकलं असणार, कारण तो आत आला, चप्पल काढली, आणि सरळ विनायकाच्या खोलीकडे गेला. गुणाक्काकडे त्यानं बघितलं नाही. तिनं ती आशाही धरली नव्हती.

मुहूर्ताला अंतरपाट धरला तेव्हा विनायकाच्या पाठीशी मामा होता. पोरानं वळून त्याचा हात आपल्या खांद्यावर ओढून घेतला, आणि झिलूनं तो तिथंच ठेवला. अक्षता पडल्या. रक्षिताच्या गळ्यात सोळा पुतळ्या लालसर दिसत होत्या.

पंगतीत गुणाक्का कोपऱ्यात बसली. शेजारची जागा रिकामीच राहिली. एरवी त्या जागेसाठी बायका एकमेकींना ढकलायच्या. थोड्या वेळानं काशी वाढता वाढता आली आणि तिथं टेकली. तिच्या ओच्यात पाटल्या होत्या. ताटाशीच राहिल्या होत्या त्या.

"हात करा," काशी म्हणाली.

"नको ग."

"बापानं दिल्यात. घाला." काशीनं तिचा हात धरला आणि दोन्ही पाटल्या एकामागून एक चढवल्या. काशीनं दोन शब्द सुनावले असते तर गुणाक्का जेवली असती. आता घास हातातच राहिला.

"काशी," ती म्हणाली, "तुझ्या येण्याच्या वाटंवर जगलबेट लागतंय. तिथली लक्ष्मी हाय का अजून?"

"हाय की. का ओ?"

"कानात काय घालती?"

काशीनं जरा आठवून बघितलं. "काय न्हाई. कुड्या बोहारणीला देऊन टाकल्या म्हणं, एका पातेल्यावर. भोकं कवाच बुजली तिची."

गुणाक्कानं घास पानात परत ठेवला. मग तिनं काशीला विचारलं, जगलबेटला आता बस किती वाजता आहे.